पीक बुडाले, तरी सोयाबीनचा भाव का चढत नाही?

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यात राहतो. घरची बारा एकर कोरडवाहू जमीन आहे आणि यंदा त्यातील नऊ एकरांवर सोयाबीन होते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ओढ्याकाठचे दोन एकर खरडून गेले. उरलेल्या सात एकरांतून चाळीस क्विंटल माल घरात आला, त्यातला बारा क्विंटल डागी आहे. सरकारने हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर केला असताना लातूरच्या आडतीत चांगल्या मालालाही ४,२०० च्या पुढे कोणी बोलत नाही. कृषी सेवा केंद्राची चाळीस हजारांची उधारी आहे, म्हणून मामंजी सगळे आत्ताच विकू म्हणतात. धाकटे दीर भाव सहा हजार होईपर्यंत कट्ट्यांना हात लावू देत नाहीत. मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आहे. पुरवठा घटला की किंमत वाढते असे आम्हाला शिकवले होते. मग मराठवाड्यात एवढे पीक पाण्यात गेले तरी भाव का वाढला नाही? हमीभावापेक्षा कमी दराने घेणाऱ्या व्यापाऱ्यावर कारवाई का होत नाही? आमच्या घरात बरोबर कोण? आणि पुढच्या वर्षी सोयाबीन सोडून तूर करावी का?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुस्तकातला नियम खोटा नाही. तो ज्या बाजाराला लावायचा त्या बाजाराची हद्द मात्र तुम्ही औशापासून हिंगोलीपर्यंत धरली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग यांच्या नावाने एक हिशेब मांडला गेला होता, की धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव सुमारे तीन दशांशाने चढतो. तो हिशेब बाहेरून धान्य सहजासहजी येत नसलेल्या देशाचा होता. आपल्याकडे कोथिंबीर, मेथी किंवा टोमॅटो यांना तो आजही लागू पडतो, कारण तो माल टिकत नाही आणि लांबून आणता येत नाही, त्यामुळे पावसाने चार तालुक्यांतले मळे झोपवले की लातूर आणि नांदेडच्या मंडईत आठवड्याभरात भाव दुप्पट होतो. सोयाबीनचे तसे नाही. जगातले बहुतांश सोयाबीन ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना हे तीन देश पिकवतात आणि त्यात भारताचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. त्या तीन टक्क्यांतला मराठवाड्याचा हिस्सा पावसात गेला, तर तुमच्या घराचे आणि गावाचे नुकसान पूर्ण होते, पण भावाच्या काट्यावर ते जेमतेम उमटते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की सोयाबीन म्हणून सोयाबीन फारसे कोणी खात नाही. ते घेणारा प्लांट, म्हणजे तेल काढणारा कारखाना, त्याचे तेल आणि पेंड करून विकतो, आणि या दोन वस्तूंना मिळणाऱ्या पैशातून गाळपाचा खर्च, वाहतूक व स्वतःचा नफा वजा करून जे उरते तेवढाच भाव तो बाजारात बोलू शकतो. अर्थशास्त्रात याला व्युत्पन्न मागणी म्हणतात. तुम्ही हा शब्द बहुधा मजुरीच्या प्रकरणात वाचला असेल. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. हिशेब समजण्यापुरते कच्च्या तेलाला किलोमागे १२० रुपये आणि पेंडेला ३२ रुपये धरले, तर तेलाचे २,१६० आणि पेंडेचे २,५६० असे ४,७२० रुपये प्लांटच्या हाती येतात. त्यातून खर्च काढला की आडतीत बोलला जाणारा भाव बराचसा स्पष्ट होतो. या हिशेबात पेंडेचा भाग तेलापेक्षा मोठा आहे, हे मुद्दाम पाहा. तेल किलोमागे एक रुपयाने महागले तर क्विंटलला १८ रुपये वाढतात. पेंड एक रुपयाने महागली तर ८० रुपये वाढतात. सोयाबीनचा भाव हजार रुपयांनी वर जाऊन हमीभावाच्या जवळ पोहोचायचा असेल, तर एकतर तेल किलोमागे ५५ रुपयांनी महागले पाहिजे किंवा पेंड साडेबारा रुपयांनी. आपल्याकडे पारावरची सगळी चर्चा खाद्यतेलाच्या आयात शुल्काभोवती फिरते, आणि जिथे खरा जोर आहे त्या पेंडेचे नाव क्वचितच निघते.

पेंडेचे काय झाले, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण एका पिकासाठी आखलेले धोरण दुसऱ्या पिकाच्या मुळावर कसे येते याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात पाऊस कमी झाला आणि उसाचे पीक घटण्याची चिन्हे दिसली. साखर महागू नये म्हणून केंद्र सरकारने त्या वर्षीच्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मात्र तसेच होते, म्हणून धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांना मक्याकडे आणि पुढे सरकारी गोदामातील तांदळाकडे वळवण्यात आले. मका आणि तांदूळ आंबवून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात चालतो आणि सोयापेंडेपेक्षा स्वस्त पडतो. पोल्ट्रीवाल्याला प्रथिने हवी असतात; ती सोयाबीनमधून आली की मक्यातून, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे देशात पेंडेची मागणी दबली. निर्यातीत तिची गाठ अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या पेंडेशी पडते. आपले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले असल्यामुळे काही ग्राहक आपल्या पेंडेला जास्त पैसे देतात, पण असे ग्राहक मोजके आहेत. म्हणजे ऊस कमी पडला म्हणून मक्याला मागणी आली, मक्याच्या चोथ्याने पेंड स्वस्त केली आणि पेंडेने सोयाबीनला खाली ओढले. लातूरच्या आडत्याने यातले काहीही ठरवलेले नाही.

तेलाची बाजू आता थोडक्यात पाहू. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून आणि सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलावरील एकूण शुल्क २७.५ टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणले. बंदरात पोहोचलेल्या तेलाची किंमत किलोला १०० रुपये धरली, तर या अकरा टक्क्यांच्या कपातीने किलोमागे अकरा रुपये, म्हणजे तुमच्या क्विंटलमागे सुमारे दोनशे रुपये गेले. ही रक्कम लहान नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढले तेव्हाही सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिले. किराणा दुकानात तेल महागले, बाजार समितीत सोयाबीन महागले नाही, कारण तेलाने वाढवले ते पेंडेने घालवले. म्हणून शुल्क वाढवा एवढ्या एका मागणीवर शेतकऱ्यांच्या संघटनांनी सगळी भिस्त ठेवावी, हे मला पटत नाही.

तुमच्या दिरांच्या डोक्यातला सहा हजारांचा आकडा २०२१ मधून आला असावा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले होते, आणि तेव्हाचा हमीभाव ३,८८० वरून ३,९५० झालेला होता, म्हणजे त्याची कोणाला आठवणही नव्हती. तो भाव जागतिक तेजीचा आणि देशातल्या टंचाईचा होता. शिवाय तो पेरणीनंतर आला, म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात कट्टा उरलेला नसताना. ऑगस्टमध्ये पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडेच्या आयातीला परवानगी दिली, पुढच्या महिन्यांत खाद्यतेलावरचे शुल्क उतरत गेले आणि डिसेंबरात शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले. ती बंदी त्यानंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली. भाव चढला की आयात, साठामर्यादा आणि वायदेबंदी ही हत्यारे आठवड्या-दोन आठवड्यांत बाहेर येतात. भाव पडला की नोंदणी, निविदा आणि बारदाना यांत महिने जातात. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ही दिरंगाई एकाच दिशेला होते, कारण खाणारे दररोज बाजारात असतात आणि पिकवणारे वर्षातून एक-दोनदा. दिरांनी सहा हजारांची वाट पाहताना हे ध्यानात ठेवावे, की भाव फार वर गेला तर त्याला खाली आणणारे हातही तयार आहेत.

आता हमीभाव. केंद्रीय कृषिमूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती तो जाहीर करते. २०२५ च्या खरिपाचे ५,३२८ रुपये हे ३,५५२ रुपये उत्पादन खर्च धरून त्यावर पन्नास टक्के चढवून आलेले आहेत. या खर्चात खिशातून गेलेले पैसे आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज येत नाही, आणि खर्चावर पन्नास टक्के नफा मिळावा या स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवरून चालणारा वाद मुख्यतः याच फरकाचा आहे. शिवाय तो खर्च सगळ्या राज्यांची सरासरी काढून ठरतो. एकरी सहा क्विंटलसुद्धा न देणाऱ्या वर्षात तुमचा क्विंटलमागचा खर्च कितीतरी वाढतो, पण सरासरीला त्याचा पत्ता नसतो.

हा दर म्हणजे सरकारने स्वतः खरेदी करण्याचे दिलेले आश्वासन आहे. खासगी व्यापाऱ्याने तेवढ्याच दराने घ्यावे अशी सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. उसाचे वेगळे आहे. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, देणे साखर कारखान्यावर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे आणि पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात. थकबाकी तिथेही होते, पण निदान दावा कोणावर लावायचा ते ठाऊक असते. मांजरा आणि तेरणा खोऱ्यांत पाण्याची एवढी ओढ असूनही शेतकरी उसाला का चिकटून बसतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. मग हाच नियम सोयाबीनला का लावू नये, असे तुम्ही विचाराल. ऊस घेणारे कारखाने मोजके असतात, ऊस फार लांब नेता येत नाही, साखरेचा किमान विक्री दर सरकार ठरवते (२०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये केला गेला) आणि दर महिन्याला कोणत्या कारखान्याने किती साखर विकायची याचा कोटाही सरकारच देते. पूर्ण साखळी हातात धरली, तेव्हा कुठे पहिल्या टोकाचा दर टिकतो. सोयाबीनचे तेल आणि पेंड जगाच्या दराने विकली जाते. ४,७२० रुपयांचा माल निघणारा क्विंटल प्लांटने कायद्याच्या भीतीने ५,३२८ ला घ्यावा, ही अपेक्षा टिकणारी नाही. तो खरेदी बंद करेल.

हे अनुमान नाही, असे घडले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षाची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड करण्याची तयारी राज्य सरकारने दाखवली, तेव्हा अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी सौद्यांतून अंग काढून घेतले आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला. व्यापारी साधुसंत आहेत असे मला म्हणायचे नाही. मॉइश्चरच्या नावाने जास्तीची कपात करणे, नमुन्यावर एक भाव बोलून काट्यावर दुसरा देणे, उचल दिलेल्या शेतकऱ्याला आपल्याच दारात बांधून ठेवणे हे प्रकार होतात, आणि त्यासाठी बाजार समितीकडे लेखी तक्रार केलीच पाहिजे. पण ४,२०० आणि ५,३२८ यांच्यातली सगळी तफावत ही काही आडत्याची लबाडी नाही.

ही तफावत सरकारने रोख भरून द्यावी, असा तिसरा मार्ग काही जण सुचवतात. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना आणली, तेव्हा ठरावीक मुदतीत विकलेल्या मालालाच फरक मिळणार असल्याने सगळ्यांनी एकदम माल बाजारात आणला, भाव आणखी घसरले आणि सरकारच्या अनुदानातला काही भाग व्यापाऱ्यांच्या पदरात पडल्याची तक्रार झाली. अनुदान ज्याच्या नावाने निघते त्यालाच ते मिळते असे नाही. ज्याला थांबणे परवडते त्याच्याकडे ते सरकते. त्याच राज्याने २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ही योजना पुन्हा आणली आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपासाठी भावाशी न जोडता हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत दिले होते. रक्कम तुटपुंजी होती, पण केव्हा आणि कोणाला विकावे हे शेतकऱ्यावर न लादण्याचा गुण तिच्यात होता, म्हणून दोहोंपैकी मला हा प्रकार बरा वाटतो.

आता तुमच्या घरातल्या चाळीस क्विंटलांकडे येऊ. मामंजी आणि दीर दोघेही सगळ्या मालाबद्दल एकच निर्णय मागत आहेत, तिथेच वादाचे मूळ आहे. तुमच्याकडे दोन प्रकारचा माल आहे आणि त्यांचे गणित वेगवेगळे आहे.

डागी बारा क्विंटल आत्ताच विकून टाका. पावसात भिजलेल्या दाण्यात बुरशी वाढत राहते, तेलाची प्रत उतरते आणि सरकारी खरेदी केंद्रावर तो दर्जाच्या निकषात बसत नाही. अशा मालाला थांबण्याचा काहीच लाभ नसतो. त्याला ३,५०० च्या आसपास भाव आला, तर बेचाळीस हजार रुपये होतात आणि दुकानाची उधारी भागते. मामंजींची काळजी रास्त आहे आणि ती एवढ्या मालात मिटू शकते. ही उधारी आधी फेडा असे मी म्हणतो, कारण ती महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी वाढते. बँकेचे पीककर्ज त्याच घाईने फेडण्याची गरज नाही, कारण तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्यात ते बिनव्याजी पडते. मुदत कधी संपते ते मात्र शाखेत जाऊन विचारून घ्या.

उरलेल्या अठ्ठावीस क्विंटलांपैकी जेवढे बसेल तेवढे हमीभावाने देण्याचा प्रयत्न करा. क्विंटलमागे ११२८ रुपयांचा फरक आहे, म्हणजे सगळा माल गेला तर साडेएकतीस हजार जास्त मिळतील. एवढे देणारा दुसरा कोणताही मार्ग या हंगामात नाही. त्यासाठी सरकारच्या वतीने खरेदी करणाऱ्या नाफेड किंवा एनसीसीएफ या सहकारी संस्थांच्या केंद्रावर ऑनलाइन नोंदणी लागते, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते आणि आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत लागते. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा त्या वर्षापुरती १५ टक्के केली होती, पण सवलतीच्या भरवशावर ओला माल नेऊ नका. केंद्रावरून परत आणलेल्या ट्रॅक्टरचे भाडे तुमच्याच अंगावर पडते. क्षेत्राप्रमाणे खरेदीची मर्यादा असते आणि केंद्र सरकारच्या योजनेत राज्याच्या उत्पादनाच्या साधारण चौथा हिस्साच खरेदीला येतो, त्यामुळे नंबर लागेलच असे नाही. पण नोंदणीला पैसे लागत नाहीत, आणि नंबर लागेपर्यंत माल घरात वाळवून ठेवणे तुम्हाला परवडते.

नंबर लागला नाही, किंवा काही क्विंटल उरले, तर दिरांच्या प्रश्नाला हात घालावा लागेल : थांबावे का? इथे त्यांच्याशी बोलताना एक मुद्दा मांडा. पुढे सहा महिन्यांनी भाव सहा हजार होणार हे खरोखर सगळ्यांना माहीत असते, तर ज्यांच्याकडे गोदामे आणि पैसा आहे त्यांनी आजच ४,३००, ४,५००, ४,८०० देऊन माल उचलला असता आणि आजचाच भाव वर गेला असता. साठवणुकीच्या अर्थशास्त्राचा हा गाभा आहे: काढणीच्या भावात आणि उन्हाळ्यातल्या भावात सरासरीने तेवढेच अंतर राहते, जेवढा माल सांभाळण्याचा खर्च असतो. एखाद्या वर्षी ते फार वाढते, एखाद्या वर्षी उलटे होते; सरकारने हमीभावाने घेतलेला साठा मध्येच बाजारात सोडला, तर उन्हाळ्यात भाव खालीही येतो. म्हणून थांबण्यात तुमचा फायदा असेलच, तर तो तुमचा खर्च दुसऱ्यापेक्षा कमी असण्यात आहे, आणि तो कमी करण्याची सोय उपलब्ध आहे.

राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत चालते. समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवले की त्याच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. किंमत बाजारभाव आणि हमीभाव यांपैकी जी कमी असेल ती धरतात. अठ्ठावीस क्विंटलांची ४,२०० ने किंमत १,१७,६०० रुपये होते, त्यावर ८८,२०० रुपये हातात येतात आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे २,६०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९३ रुपये पडते. तेवढीच रक्कम सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी घेऊन माल घरात राखला, तर व्याज १५,८७६ रुपये, म्हणजे क्विंटलमागे ५६७ रुपये होते. दोघे शेतकरी एकाच भावाची वाट पाहत असतात. एकाला ती शंभराच्या आत पडते आणि दुसऱ्याला साडेपाचशेच्या पुढे. माल थांबवावा की नाही, हे भावाच्या अंदाजापेक्षा या आकड्यावर ठरवा.

त्यात वजनाची घट धरा. १२ टक्के आर्द्रतेचा दाणा उन्हाळ्यापर्यंत १० टक्क्यांवर आला, तर अठ्ठावीस क्विंटलमागे साठेक किलो उडून जातात आणि तेही क्विंटलला नव्वद-पंच्याण्णव रुपये होतात. वाहतूक आणि हमाली धरून तुमची बरोबरी ४,४२५ च्या आसपास होते. त्याच्या खाली भाव राहिला, तर थांबून तोटा. वर गेला, तर जे वर तेवढे तुमचे. दिरांना ही रेघ भिंतीवर लिहून ठेवायला सांगा, आणि तिच्या दोन-तीनशे रुपये वर भाव दिसला की निम्मा माल काढायचा हे आजच घरात ठरवून घ्या, कारण चढत्या भावात कोणाचाच हात कट्ट्याकडे जात नाही. १८० दिवसांची मुदत टळू देऊ नका. पुढे व्याज आठ आणि मग बारा टक्के होते. काही समित्या निधीअभावी ही योजना वेळेवर राबवत नाहीत, अशा वेळी वखार महामंडळाच्या गोदामाची पावती घेऊन बँकेकडून कर्ज मिळते. दर थोडा जास्त असतो, पण सावकारापेक्षा कितीतरी कमी.

राहिला तुरीचा प्रश्न. २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, त्या भावाकडे पाहून पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला आणि देशातील उत्पादन एका वर्षात सुमारे २६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेले. हमीभाव ५,०५० होता आणि बाजारात चार हजारही मिळेना. बारदाना संपल्यामुळे खरेदी केंद्रांपुढे लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. यंदाच्या भावावर पुढच्या वर्षीची पेरणी ठरली की असे होते. निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये ज्याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हटले, तो तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. सोयाबीन पडले म्हणून तुमच्यासारखाच विचार या घडीला हजारो घरांत चालू आहे, आणि तुरीची आयातही मोझांबिक व म्यानमारमधून होत असते. सगळे क्षेत्र एकदम बदलू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीन आणि तूर यांचे आंतरपीक ४:२ ओळींनी घेण्याची शिफारस केलेली आहे. पावसाची उघडीप पडली तर तूर तग धरते, सप्टेंबरात सोयाबीन भिजले तरी तुरीचे पीक डिसेंबर-जानेवारीत हाती येते आणि घरात पैसा दोन वेळा येतो. ओढ्याकाठच्या खरडलेल्या दोन एकरांत मात्र पुढच्या खरिपात तूर घेऊ नका; पाणी साचणाऱ्या जागी तिची मुळे कुजतात. ते रान आधी पंचनाम्यात खरडून गेलेली जमीन म्हणून नोंदले गेले आहे का, ते तलाठ्याकडे पाहून घ्या. पीक नुकसानीची मदत आणि जमीन खरडल्याची मदत वेगवेगळी असते, आणि नोंद एकाच रकान्यात झाली असेल तर दुसरी मिळणार नाही.